सेल्फ मारणारं माणूस

"गाडी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही." सौंसरला नागपूर रोडवर माझं गॅरेज आहे, आणि हे वाक्य मी तिथं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की सांगणाऱ्याचा चेहराच मला आधी सांगून जातो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, चाबी फिरवली की इंजिन खुर्र खुर्र करून फिरतं, आणि तरी जीव धरत नाही. माणूस हताश होऊन चाबी फिरवत राहतो. बॅटरी उतरेपर्यंत फिरवतो, मग माझ्याकडे येतो.

गॅरेजातले मजेदार अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं. ते माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना हवा असलेला अनुभवही त्यांनीच सांगून टाकला: "तो दोन चाब्यांचा किस्सा लिहाच, मास्तर." मी मास्तर नाही. काम नसलं की स्टुलावर पुस्तक घेऊन बसतो, एवढ्यावरून गावानं मला ते नाव दिलं. किस्सा मी लिहितो आहे, पण तो मजेदार होईल असं वाटत नाही. या उन्हाळ्यात माझी बायको कुमुद गेली. तो किस्सा तिचा होता. गावानं तो माझा करून टाकला, आणि ती गेल्यावरही तिला परत दिला नाही. मला त्याचा राग आहे. दिवाळीच्या अंकात राग शोभत नाही हे मला कळतं. तरी तोच लिहायचा आहे.

आधी काम समजावून सांगतो, कारण त्याशिवाय कुमुदचं काम कळणार नाही.

सेल्फ म्हणजे बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर. ती इंजिनाला पहिला धक्का देते. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत. पुढं पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. आता नव्या गाड्यांत चौथी गोष्ट आली आहे, ती म्हणजे परवानगी. चाबीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. गाडीतला कॉम्प्युटर तिला ओळखतो. ओळख पटली नाही तर सेल्फ फिरू देतो, पेट्रोल देत नाही. चोराला कळू नये की त्याला का अडवलं, अशी ती व्यवस्था आहे. मालकालाही कळत नाही ही गोष्ट वेगळी.

या चारांपैकी काय नाही, ते शोधायला दोन माणसं लागतात. एक बोनेटमध्ये वाकतो, ठिणगी पाहतो, पाईप सोडून पेट्रोल येतं का ते बघतो. दुसरं माणूस आत बसून सेल्फ मारतं. लोकांना वाटतं की वाकलेला माणूस मेकॅनिक आणि बसलेला कोणीही. मला उलट अनुभव आहे. चाबी नुसती उघडली, अजून सेल्फ मारला नाही, तेव्हा मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो. तो आवाज बोनेटपाशी येत नाही. सेल्फ फिरताना इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरचा काटा किंचित थरथरला, तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळलेलं असतं. थरथरला नाही तर बिघाड वेगळ्याच जागी शोधायचा. कोणता दिवा लागला, कोणता विझला, कोणता लुकलुकतोय, हे सगळं आत बसलेल्यालाच दिसतं. आतल्या माणसानं नुसती चाबी फिरवली तर माझं अर्धं निदान गेलं.

कुमुदचं माहेर तिगावचं, घर स्टेशनाला लागून. ती पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकली, बी.एस्सी. झाली आणि माझ्याशी लग्न करून गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आली. एकदा हाताखालचा माणूस आला नव्हता. मी बोनेटमधून हाक मारली, जरा सेल्फ मार म्हणालो. सेल्फ वाजेचना. पुन्हा ओरडलो. आतून शांतपणे उत्तर आलं, "थांबा नं जी, आधी नुसती चाबी उघडून पाहून राहिले." तिला कोणी शिकवलं नव्हतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीसोबत आलेलं पुस्तक होतं, ते तिनं वाट पाहता पाहता उघडलं होतं. आमच्या भागात त्या पुस्तकाचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढत नाही. गाडी विकली की पुस्तक तसंच कोरं पुढच्या मालकाकडे जातं. कुमुदनं पुढं येईल त्या गाडीचं पुस्तक वाचलं. मी कादंबऱ्या वाचायचो, ती गाड्यांची पुस्तकं वाचायची, आणि जेवताना दोघंही आपापलं सांगायचो.

तेव्हापासून आत तीच बसली. तिची सांगण्याची एक रीत ठरून गेली होती. "दिवा आला. पंप वाजला. मारू का?" मी मार म्हणायचो. "काटा हलला." किंवा, "काटा मेला." एवढंच. या चार-पाच शब्दांवर मी पाना उचलायचा की नाही ते ठरवायचो.

रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याची गाडी आठवते. ठिणगी होती, पेट्रोल होतं, काटा हलत होता, तरी स्टार्ट नाही. कुमुद आतून म्हणाली, हिचा आवाज तोंडावर उशी ठेवल्यासारखा येऊन राहिला. मी हवेचा डबा उघडला. आत फिल्टरभोवती कापूस गच्च भरला होता. त्या माणसानं वेचलेला कापूस आणि गाडी एकाच शेडमध्ये ठेवली होती, आणि उंदरांनी डब्यात बाळंतिणीची खोली केली होती. शेतकरी म्हणाला, "बाप्पा, बाजारात न्यायच्या आधीच माल उचलला उंदरानं." कुमुद इतकी हसली की तिला गाडीतून उतरवेना.

लोधीखेड्याचे एक निवृत्त हेडमास्तर होते. गाडीची टाकी भरली आहे असं ते शपथेवर सांगायचे, कारण काटा तसं दाखवत होता. कुमुदनं गाडी बाहेरून हातानं हलवली, मागं कान लावला आणि सांगितलं की आत पेट्रोल असतं तर डुचमळलं असतं. हेडमास्तर दुखावले. मास्तर, कंपनीचा काटा खोटा बोलेल का, असं ते मला विचारत होते. तिला विचारत नव्हते. बोलली ती होती, उत्तर मला मिळत होतं. हे असंच चालायचं.

आणि एक होता, त्याचं नाव लिहिण्याचीही माझी इच्छा नाही. नवी गाडी, नुकतीच पूजा झालेली, बोनेटवर स्वस्तिक. कुमुद दार उघडायला गेली तर म्हणाला, "पूजेची गाडी आहे जी, बाईमाणूस सीटवर नको." कुमुद मागं सरली आणि स्टुलावर जाऊन बसली. मी त्याला गाडी ढकलत बाहेर न्यायला लावली. ती मला म्हणाली की एवढं कशाला. मी दिवसभर पाने आपटत होतो, आणि आज लिहितानाही हात तापला आहे.

आता तो किस्सा.

आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुतात. बाहेरून धुतली तर माझं काही म्हणणं नाही. पण संत्र्याच्या बागेत फवारणीचा पंप असतो, झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध फेकणारा. त्याची नळी लोक बोनेट उघडून थेट इंजिनावर धरतात. देवापुढं उभी करायची तर आतूनही स्वच्छ हवी. श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, नळीला ठेवतो. पाणी स्पार्क प्लगच्या खड्ड्यात साचतं, वायरींच्या जोडात शिरतं, आणि ठिणगी जागच्या जागी विझते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दारात झेंडूचे हार घातलेल्या गाड्यांची रांग असते. सगळ्या सेल्फ घेतात, एकही स्टार्ट होत नाही. नवरदेवांची रांग आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, असं कुमुद म्हणायची.

अशाच एका दिवशी दिनकररावांची गाडी लोकांनी ढकलत आणली. दिनकरराव रामाकोन्याचे, संत्र्याच्या बागा घेणारे, मोठा आवाज, मोकळा हात. मागच्या सीटवर त्यांची आई. तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं आणि दुपारच्या आत पोचायचं होतं. घरून गाडी नीट निघाली, सौंसरला कोणाला तरी भेटायला थांबले, आणि मग निघेना.

त्या दिवशी सगळ्यांच्या गाडीत पाणी शिरलं होतं, तसं यांच्याही गाडीत पाणीच शिरलं असं मी धरलं. प्लगचे खड्डे कोरडे केले, जोड फुंकले. ठिणगी चांगली पडायला लागली. तरी गाडी ढिम्म. पेट्रोल येत नव्हतं. मी मागची सीट उचलायची तयारी केली, म्हणजे म्हातारीला उतरवणं आलं. दिनकरराव घड्याळ पाहून मला झापत होते.

कुमुद आत बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं, हातात चाब्या. ती म्हणाली, "पंपाले हात लावू नका. पंप चांगला आहे. मघा चाबी हलवली तवा वाजला. हा चाबीचा दिवा लुकलुकून राहिला." मग दिनकररावांकडे वळून, "भाऊजी, ह्या दोन चाब्या काहून बांधल्या?"

दिनकरराव आणि धाकटा मनोहर, दोघा भावांनी एकाच दिवशी एकसारख्या गाड्या घेतल्या होत्या आणि त्याच वर्षी घर वाटून घेतलं होतं. प्रत्येक गाडीला दोन चाब्या येतात. आईनं आदल्या दिवशी दसऱ्याच्या पूजेच्या वेळी दोघांची एकेक चाबी उचलून लाल नाड्यानं एकमेकींना घट्ट बांधली होती, मुठीला मूठ लावून. अशा दोन जोड्या. एक दिनकररावांना दिली, एक मनोहरला.

"आईनं बांधली जी. पूजेचा धागा आहे, सोडू नका," दिनकरराव म्हणाले.

"एका दारात दोन माणसं एकदमच नाव सांगून राहिले. घरून निघताना गाडीनं एकाचं ऐकलं असीन, आता कोणाचं ऐकीन?"

ते तिच्याशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, "मास्तर, वहिनीले सांगा न, धाग्याले हात नको लावू म्हणा."

मी म्हणालो, आतलं ती पाहते, तिथं माझं चालत नाही.

तेवढ्यात मागून म्हातारी बोलली. "सोड वो बाई. बांधल्यानं हे दोघं एका घरात राहत असते, तर मी सुतळीनं बांधले असते."

कुमुदनं धागा तोडला नाही. नखानं गाठ सैल करत करत सोडवला, आणि धागा व मनोहरची चाबी म्हातारीच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली. मग कुमुद नेहमीसारखं बोलली: "दिवा विझला. पंप वाजला. मारू का?" गाडी पहिल्या फिरकीत सुरू झाली. दिनकररावांनी बोनेटपाशी येऊन माझा हात धरला आणि म्हणाले, "मानलं, मास्तर." पुढं कळलं की तिकडे रामाकोन्यात मनोहरही सकाळपासून सेल्फ मारून बॅटरी उतरवून बसला होता.

किस्सा गावभर झाला. कधी पानठेल्यावर, कधी लग्नाच्या मांडवात तो माझ्या कानावर यायचा. मास्तरनं चाबी हातात घेतली, नुसती पाहिली आणि म्हणाले, धागा सोडा. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यात मी डोळे मिटून इंजिनाला कान लावला होता. मी प्रत्येकाला सांगितलं की ते कुमुदनं ओळखलं. लोक हसायचे. मास्तर बायकोचं भारी कौतुक करतात, म्हणायचे. माझं खरं बोलणं हा माझा मोठेपणा ठरला आणि किस्सा आणखी माझा झाला.

कुमुद यावर कधी चिडली नाही. एकदाच, भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "मले कोणी विचारलंच नाही कधी, की तुले कसं समजलं."

तिचं आजारपण लांबलं नाही. त्याबद्दल इथं लिहायचं नाही. तेरवीला दारात मांडव घातला होता, तिचा फोटो, फोटोखाली ठळक अक्षरात नाव. दिनकरराव बोलायला उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते, हे मी नाकारत नाही. वहिनी अन्नपूर्णा होत्या, म्हणाले. मास्तरांनी माझी गाडी जादूनं सुरू केली त्या दिवशी वहिनींनी माझ्या आईला चहा पाजला, तशी चव पुन्हा मिळाली नाही. माना डोलल्या. बायकांनी डोळे पुसले.

त्या दिवशी चहा झालाच नव्हता. कुमुद सकाळपासून गाड्यांतच बसली होती, चूल थंड होती.

मी बोलायला उठलो. लोकांना वाटलं मला चक्कर आली. दोघांनी दंड धरून खाली बसवलं, एकानं पाणी पाजलं, कोणीतरी पाठीवरून हात फिरवत राहिलं. माझं उठणं हे दुःख समजून माझं सांत्वन झालं. गिऱ्हाइकांत, शेजाऱ्यांत, नातेवाइकांत असा एकही निघाला नाही, जो म्हणेल की ती काम करायची. जेवून, पान घेऊन सगळे गेले.

आता मी बटण लावलेली एक लांब वायर वापरतो. एक टोक बॅटरीला, दुसरं सेल्फला. बोनेटपाशी उभं राहूनच सेल्फ मारता येतो. ही वायर फार वर्षांपासून खिळ्याला टांगलेली होती. एका विक्रेत्यानं गळ्यात मारली तेव्हा कुमुद म्हणाली होती, "मले कामावरून काढून राहिले का?" वायरीनं इंजिन फिरतं. आत काय झालं ते वायर सांगत नाही. मी बटण दाबतो, धावत आत जातो, काट्याकडे पाहतो, तोवर काटा पडलेला असतो.

या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही रांग होती. दिनकररावांची गाडी आली, नवी, आधीपेक्षा मोठी. बोनेटच्या फटीतून अजून थेंब गळत होते. सेल्फचा आवाज ऐकूनच मला कळलं की पाणी आहे, दुसरं काही नाही. ते ड्रायव्हरला माझी ओळख करून देत होते. हेच ते मास्तर, चाबी पाहून सांगणारे. ड्रायव्हर आदरानं माझ्या हातांकडे पाहत होता.

मी विचारलं, "दिनकरराव, त्या दिवशी सेल्फ कोण मारून राहिलं होतं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"मी बोनेटमधी होतो. दोन्हीकडे कसा असीन?"

ते हसले. "मग बसवलं असीन तुम्ही वहिनीले."

"वहिनीचं नाव काय होतं?"

ड्रायव्हरनं हार सरळ करायला सुरुवात केली. दिनकरराव म्हणाले, "वहिनीच म्हणत आलो नं आपण."

"तेरवीत बोलले तुम्ही. फोटोखाली नाव होतं."

"मास्तर, तुम्ही दुःखात आहात म्हणून ऐकून घेऊन राहिलो."

मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी जे झालं ते आत्ता या ड्रायव्हरला जसंच्या तसं सांगा. धागा कोणी सोडला, तुमच्या आईनं कोणाला सोड म्हटलं. सांगून झालं की मी बोनेट उघडतो. त्यांना आठवत नव्हतं असं मला वाटत नाही. आईचं वाक्य आलं तेव्हा त्यांची नजर खाली गेली होती. पण रांगेतले लोक ऐकत होते. त्यांनी फोन लावला, उचलून नेणारी गाडी बोलावली, आणि आपली गाडी नागपूरला घेऊन गेले.

बोनेट उघडून उन्हात ठेवली असती तर गाडी इथंच सुरू झाली असती. मी ते सांगितलं नाही. आश्विनाचं ऊन कडक असतं. सावनेर येईपर्यंत सगळं पाणी उडालं असणार. नागपुरात कोणीतरी नुसती चाबी फिरवली असेल, गाडी सुरू झाली असेल, आणि दिनकररावांनी त्याचा हात धरून मानलं म्हटलं असेल. आता त्याचा किस्सा होईल. होऊ द्या.

माझ्या बाजूनं एवढं छापा. रामाकोन्याच्या दिनकररावांची गाडी सौंसरच्या गॅरेजात सुरू झाली, तेव्हा सेल्फ कुमुदनं मारला. दिवा तिनं पाहिला, पंप तिनं ऐकला, गाठ तिनं सोडली. मी बोनेट धरून उभा होतो.